आमचे घरमालक आणि त्यांचे टेकोडे

आरमोरीत आजवर पुष्कळ माणसं मेली असतील, पण आमच्या घरमालकांइतक्या वेळा कोणी मेलं नसेल. पावसाळा लागला की ते अधूनमधून मरायला निघत, आणि निघण्यापूर्वी अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला गंध लावून साऱ्या आळीचा निरोप घेत फिरत. आपल्याकडे उंबरा ओलांडताना माणूस 'येतो' म्हणतो, 'जातो' म्हणणं अशुभ. घरमालक मात्र दारादारात उभे राहून खणखणीत आवाजात 'जातो बरं' म्हणत, आणि काही चुकलंमाकलं असलं तर पोटात घालायला सांगत. मी मूळचा नागपूरचा, मास्तरकीच्या पहिल्यावहिल्या नोकरीवर चांदा जिल्ह्यात येऊन पडलेला. तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत आणि गडचिरोलीही त्यातच होती. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत बिऱ्हाड मांडून मला जेमतेम आठवडा झाला असेल, तोच एका सकाळी ते माझ्या दारात हात जोडून उभे! माझ्या हातातला पेला खाली पडला. मी धावत शेजारच्या शिंपीकाम करणाऱ्या चाचांकडे गेलो. चाचांनी शिलाई मशीनवरचा पाय थांबवला नाही. सुईवरून नजर न काढता म्हणाले, "नया टेकोडा मिला होगा भाऊ को. आप पहली बार देख रहे क्या, मास्तर?" तेवढ्यात घरमालक मागोमाग आलेच. चाचांनी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि म्हणाले, "जा ही रहे तो भाऊ, अपना कुर्ता लेते जाव. कब का सिल के रखा है."

टेकोडे म्हणजे पावसाळ्यात उगवणाऱ्या रानातल्या छत्र्या. शहरात आपण त्यांना कुत्र्याची छत्री म्हणून नाक मुरडतो. चांद्याकडच्या झाडीपट्टीत तसं नाही. तिथं वारुळावर सात्या नावाचे पांढरेशुभ्र टेकोडे उगवले की बाजारात पळसाच्या पानात बांधून विकायला येतात, आणि त्या दिवशी मटणवाल्याकडे कुणी फिरकत नाही. पण खाण्याजोगे म्हणून लोकांना ठाऊक असलेले प्रकार थोडे, आणि रानात उगवणारे अगणित. त्या अगणितांतला एकेक प्रकार ओळखून, चाखून, त्याचा निकाल लावल्याशिवाय राहायचं नाही, असा आमच्या घरमालकांनी पण केला होता. आणि निकाल लावायचा म्हणजे दुसरा उपाय काय? स्वतः खायचं. म्हणून तो निरोप.

आता, हे सगळं त्यांना कुठून सुचलं असं कुणी विचारलं तर ते म्हणत, "नोकरीतून." त्यांची सारी नोकरी कांजीहाऊसात गेली होती. चुकलेली, दुसऱ्याच्या धानात शिरलेली गुरं तिथं आणून कोंडत, आणि मालक येईपर्यंत सांभाळत. आमच्या घरमालकांचा दावा असा, की गाईचं तोंड पाहिलं की मालकाचं तोंड दिसतं. "ढोर मालकावर जाते, मास्तर. तिरपं पाहनारी गाय आली का मी समजून घ्यावं, हे पाटलाची." या विद्येनं त्यांनी म्हणे कित्येक गुरं मालक यायच्या आधीच त्याच्या दाराशी नेऊन बांधली होती. काही चुकीच्या दाराशीही बांधली, पण ते त्या दाराच्या मालकाचा चेहरा फसवा होता म्हणून. पेन्शनीत आल्यावर हीच विद्या त्यांनी टेकोड्यांना लावली. वही नाही, पुस्तक नाही. टेकोडा दिसला की त्याच्यासमोर उकिडवं बसायचं, मान तिरपी करून त्याच्या तोंडाकडे बघायचं, आणि तो कुणाचा आहे ते सांगायचं. वरून लालचुटूक, आतून पोकळ आणि शिटीसारखं ताठ देठ, म्हणजे नागभीडचा स्टेशनमास्तर. झुपक्यानं उगवणारा, एकटा उभा राहण्याची ताकद नसलेला, तो तहसील कचेरीतला कारकून. बाहेरून टवटवीत पण हात लावताच काळं पाणी सोडणारा एक होता, तो त्यांनी आपल्या सख्ख्या साडूच्या नावावर केला होता. मी एकदा भीतभीत विचारलं, "भाऊ, माझा आहे का एखादा?" ते म्हणाले, "तुमचा पह्यलेच भेटला. करडा हाय. ओलसर जागी राह्यते. कामाचा नाई, पन अपायबी नाई." दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

बरं, ओळखून गप्प बसतील तर ते कांजीहाऊसवाले कसले! ज्याचं त्याला पोचवलं पाहिजे, हा त्यांचा बाणा. सकाळी सकाळी कुणाचं तरी दार वाजे, आणि दारात हे, हातात पानावर एक टेकोडा, "हा तुमचा." कापडवाल्या शेठजींना त्यांचा टेकोडा पोचला तेव्हा ते खूश झाले होते, कारण तो चांगला जाडजूड, पिवळसर, तेज असलेला होता. पुढे तो चाखल्यावर घरमालकांना दिवसभर उचक्या लागल्या आणि त्याची गणना वाईटांत झाली. शेठजींनी तीन माणसं पाठवून फेरविचाराची विनंती केली. म्हणाले, दिवाळी तोंडावर आहे, गिऱ्हाइकात बोभाटा बरा नव्हे, पुन्हा एकदा चाखून बघा. घरमालक मोठ्या मनाचे. शेठजींच्या अब्रूसाठी त्यांनी पुन्हा आळीचा निरोप घेतला, पुन्हा चाखला, आणि पुन्हा उचक्या देत बसले. चाचांचं दुःख वेगळंच होतं. त्यांच्या नावाचा टेकोडा वर्षानुवर्षं सापडतच नव्हता. दर रविवारी आम्ही रानातून परतलो की ते मशीन थांबवून विचारत, "हमारा मिला क्या?" आणि घरमालक खाली मान घालून सांगत, "नाई नं चाचा. पाहूनच राह्यलो."

त्या रविवारच्या फेऱ्यांना त्यांनी मला सक्तीनं न्यायला सुरुवात केली, कारण त्यांना बोलायला माणूस हवं असे. टेकोडा मोठा सावध असतो, असं त्यांचं मत. आपल्याला शोधायलाच कुणी आलं आहे हे त्याला कळलं की तो जमिनीत परत जातो. म्हणून रानात शिरल्यावर टेकोड्याचं नाव काढायचं नाही, लांबच्या कुठल्या तरी गोष्टी मोठ्यानं बोलायच्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहायचं. आमचा ठरलेला विषय म्हणजे माझं लग्न. सागाच्या, ऐनाच्या झाडांतून, चिखलात हातपाय टेकून रांगत, आम्ही न पाहिलेल्या मुलींच्या उंचीवर वाद घालत असू. एकदा जंगलाच्या गार्डानं आम्हाला असं रांगताना धरलं. त्याला वाटलं, सागचोर. "काऊन जी, काय करून राह्यले इथी?" म्हणून तो ओरडला, तर घरमालकांनी ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजले, "हळू बोला. त्यायले समजन." गार्डानं इकडेतिकडे पाहिलं. मग त्यानं काठी झाडाला टेकवली, आमच्याजवळ बसला आणि त्यानंही आवाज खाली आणून विचारलं, "कोनाले?" थोड्या वेळानं तोही आमच्यासोबत रांगत होता आणि आपल्या मेव्हण्याच्या लग्नात वरातीची बैलबंडी कशी उलटली ते सांगत होता. दुसऱ्या एका फेरीत ओल्या मातीत वाघाचं ताजं पाऊल दिसलं. मी उलट्या दिशेनं रांगायला लागलो. घरमालकांनी त्या पावलाकडे क्षणभर पाहिलं आणि पुढे रांगत म्हणाले, "चला. तो काई टेकोडे खात नाई."

एवढं सगळं करूनही या माणसाच्या जिवाला एक घोर होता, आणि तो मात्र थट्टेचा नव्हता. त्यांनी आणलेला टेकोडा त्यांची बायको खात नसे. आम्ही सगळे तिला बाई म्हणत असू. माहेर सिरोंच्याचं, गोदावरीकाठचं. शेती, गुरं, गडी, घर असं सगळं तीच बघे. या दोघांना मूलबाळ नव्हतं. ती एरवी आमच्यासारखीच बोले, पण राग मराठीत मावेनासा झाला की तेलुगूत शिरे, आणि मग घरमालक धोतर सावरत सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परड्यात, जाऊन बसत. टेकोडे रांधायला तिची ना नव्हती. मागच्या अंगणातल्या निराळ्या चुलीवर, निराळ्या गाडग्यात, कांदा-तिखट घालून ती इतके सुरेख रांधायची की वासानं माझं वाचन बंद पडे. पण "तूबी घे नं थोडं" असं त्यांनी म्हटलं की ती हात आडवा करून म्हणे, "वद्दु." तेलुगूत वद्दु म्हणजे नको. आणि मग मराठीत पुढचं वाक्य ठरलेलं, "दोघातलं एक तं मांगं राह्यलंच पायजे. दोघंबी गेलो तं ढोरं कोन सोडन?"

बरं, तिला टेकोडे आवडत नव्हते असंही नाही. बाजारातून आणलेल्या सात्या ती बोटं चाटून खाई. हेच घरमालकांना झोंबे. सारं गाव वेडा म्हणतं, म्हणू दे. पण घरच्या माणसाचा विश्वास कुठल्याशा बाजारातल्या बाईवर आणि आपल्यावर नाही! ते मला म्हणत, "मास्तर, मी खाल्लं ते काई खरं नाई. बाईनं खाल्ला तोच खान्याचा टेकोडा." एकदा त्यांनी कावा केला. आपण रानातून आणलेल्या सात्या आठवडी बाजारात एका विकणाऱ्या बाईच्या टोपलीत ठेवल्या आणि आमच्या बाईला बाजारात धाडलं. सात्या अगदी खऱ्या, गावातलं शेंबडं पोरही ओळखील अशा. पण घरमालकांना राहवेना. ते कांद्याच्या ढिगामागे लपून, मान उंचावून बघत राहिले, आणि त्यांच्यामागे मीही. बाई टोपलीपाशी वाकली, एक साती उचलली, वास घेतला, आणि मान न वळवता म्हणाली, "अजी, कांद्यातून उठा. गुडघे दुखन." त्या दिवशी घरी वांगी आली.

मला वाटे, तिला नवऱ्याची विद्या फोल वाटते. ते टेकोडा चाखायला ओसरीवर बसत, तेव्हा ती समोर तांदूळ निवडत बसे आणि तिच्या मांडीजवळ मिठाच्या पाण्याचा तांब्या असे. ते नखाएवढा तुकडा तोंडात टाकून मोठ्यानं सांगत, "आता जिभीले मुंग्या येऊन राह्यल्या... आता कान गरम झाले..." आणि मी मास्तर म्हणून त्यांची जीभ तपासत असे. बाई तांदळातून मान वर करीत नसे. पण त्या तांब्यावरून तिचा हात कधी निघाला नाही, हे मी पाहत होतो आणि त्याचा अर्थ मला लागत नव्हता.

माझ्या तिथल्या शेवटच्या आधीच्या वर्षी, पोळा झाल्यावर, एका जुन्या मोहाच्या बुंध्याशी आम्हाला एक टेकोडा दिसला. एकच नव्हे, चांगला गाडगंभर. शेंदरी-पांढरा, कडेला झालरीसारखी चूण, इतका देखणा की मी माझ्या होणाऱ्या बायकोची उंची सांगता सांगता थांबलो. घरमालक त्याच्यासमोर बसले. बराच वेळ बसले. उठले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "हा बाईचा." इतकी वर्षं सगळ्या गावाला एकेक टेकोडा वाटणाऱ्या या माणसानं बायकोच्या नावाचा एकही काढला नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तिच्याजोगता भेटलाच नाई नं आतापर्यंत."

घरी आल्यावर त्यांनी बाईला ते सांगितलं. तिनं टेकोडे पाहिले, पदर तोंडाला लावला, आणि मग म्हणाली, "माह्या नावाचं जहर नका आनू घरात." पण रांधायला घेतलं. घरमालकांनी अंघोळ केली, गंध लावलं, आळीचा निरोप घेतला. आळी इतकी सरावलेली होती की कुणी भाकरी थापता थापता मान हलवली, कुणी उखळ परत मागितलं. आणि मग या माणसानं ती चूक केली. नेहमीसारखा नखाएवढा तुकडा चाखायच्या ऐवजी वाडगाभर घेतला आणि भाताबरोबर सगळा खाल्ला. मी हात धरला तर म्हणाले, "बाईच्या नावाचा हाय मास्तर. तुकडा चाखून पाहू? म्हंजे तिच्यावर शक घेतल्यावानी होईन."

दुपार कलायच्या आत त्यांचे कान गरम झाले. मग कपाळाला घाम. मग ते हसायला लागले, आणि हसता हसता थांबून म्हणाले, "मास्तर, आता खरंच जातो वाटते." बाईनं तांब्या त्यांच्या तोंडाला लावला. मिठाचं पाणी पोटात गेल्यावर पोटातलं सगळं बाहेर आलं, आणि त्यानंतर तर ते पांढरेफटक पडून खाटेवर आडवेच झाले. डॉक्टर नदीपलीकडे ब्रह्मपुरीला. वैनगंगेला पूर, नाव बंद. मी आळीत ओरडत सुटलो, तर जो तो म्हणे, "हो, सकाळीच येऊन गेले." चाचांनीही आधी म्हटलं, "वो तो हर बरसात में जाते, मास्तर." पण माझं तोंड पाहून ते मशीन सोडून उठले, आणि आम्ही दोघं धावत परत आलो.

आलो तर बाई खाटेजवळ जमिनीवर बसलेली. तांब्या रिकामा, आडवा पडलेला. घरमालक डोळे मिटून कण्हत होते. तिनं त्यांच्या कपाळावर हात ठेवून पाहिला, उठली, मागच्या चुलीवरचं गाडगं आणलं. गाडग्यात उरलेलं सगळं ताटात ओतलं, त्यावर भात घेतला, आणि शांतपणे, घाई न करता, मोठमोठे घास करून खायला लागली. आम्हाला काय चाललं आहे ते कळेपर्यंत अर्धं ताट संपलं होतं. चाचा कसेबसे म्हणाले, "बाई, ये क्या कर रहे आप?" ती म्हणाली, "हे चालले. मंग मी एकटी मांगं राहून काय करू?"

"आणि ढोरं?" मी मूर्खासारखं विचारलं.

"ढोरं सोडाले गाव हाय," बाई म्हणाली आणि पुढचा घास घेतला.

हे खाटेवर ऐकू गेलं. आमचा मरणारा माणूस ताडकन उठून बसला. त्याला ताट दिसलं. "अवं थुक! थुक म्हन्तो नं!" म्हणत त्यानं खाटेवरून उडी मारली, धोतर सुटत होतं ते एका हातात धरलं, दुसऱ्या हातानं तांब्या उचलला, रिकामा पाहून रांजणाकडे धावला, तो भरला, मिठाचा डबाच त्यात उपडा केला आणि तो तांब्या घेऊन बायकोमागे लागला. बाई ताट घेऊन अंगणभर फिरतेय आणि खातेय. मागं हे. त्यांच्यामागं चाचा आणि मी, कुणाला धरावं ते न कळून. शेवटी पेरूच्या झाडाला टेकून ती थांबली, शेवटचा घास तोंडात घातला आणि म्हणाली, "तुमीच म्हन्ता नं चांगला हाय? खाल्ला. इतके वर्षं म्हनून राह्यले, घे, घे. घेतला."

"मले काय मालूम!" घरमालक ओरडले. "मले काईच नाई मालूम वं! मले टेकोड्यातलं काई म्हंजे काईच समजत नाई!" आणि तांब्या हातात घेऊन ते तिथंच चिखलात बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. चाचांनी तोंड फिरवलं. मला हसू येत होतं, पण हसवत नव्हतं. बाईनं ताट खाली ठेवलं, त्यांचं धोतर नीट खोचून दिलं, आणि रिकाम्या हातांनी त्यांच्याजवळ चिखलात बसून राहिली.

बाईला काहीही झालं नाही. संध्याकाळी तिनं गोठ्यात जाऊन दूध काढलं. टेकोडा निर्दोष होता. घरमालकांचे कान गरम झाले ते धास्तीनं, उलटी झाली ती मिठाच्या पाण्यानं, आणि पांढरेफटक पडले ते उलटीनं, असा निष्कर्ष चाचांनी काढला आणि गावानं तो मान्य केला. म्हणजे बघा, आयुष्यभर जे हवं होतं ते या माणसाला एका दुपारी मिळालं. त्यांनी ओळखलेला, त्यांनी आणलेला टेकोडा बाईनं खाल्ला, ताट पुसून खाल्ला, आणि तो चांगला निघाला. मला वाटलं, आता त्यांची छाती फुगेल, आता काही हा माणूस ऐकायचा नाही.

पण त्यानंतर ते निरोप घ्यायला कधी कुणाच्या दारात आले नाहीत. तो उरलेला पावसाळा आळीला सुना सुना गेला. शेठजींनीसुद्धा एकदा मला रस्त्यात थांबवून विचारलं, "भाऊचं बरं हाय नं? दिसून नाई राह्यले." रानात मात्र ते जात, आणि आता बाईही सोबत येई. पुढच्या श्रावणात माझी बदली झाली. निघण्यापूर्वीच्या रविवारी आम्ही तिघं गेलो होतो. भुरभुर पाऊस होता. बांबूच्या बेटाखाली एक जांभळा टेकोडा उगवला होता, मी असा रंग फुलांतही पाहिला नव्हता. घरमालक त्याच्यासमोर उकिडवे बसले, मान तिरपी केली, हात पुढे केला. देठापर्यंत नेलेला हात तसाच थांबला. बाई छत्री धरून मागे उभी होती. ती म्हणाली, "घ्या नं. चाखाचं नाई का?"

त्यांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू उठले.

"नाई वं," ते म्हणाले. "तूबी खाशील."

तो टेकोडा कुणाचा होता ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पावसात तो तिथंच ठेवून आम्ही घरी परतलो.